चार तारा आणि सात स्वर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला यंदा चार शब्द बोलायला सांगितले. विषयही त्यांनीच ठरवून दिला. "तुम्ही घरी बसून फोनवरून ते मोठे गिटार शिकता ना, त्याविषयी सांगा," असे त्या म्हणाल्या. मी विदुषी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तेव्हा हातांनी जे केले आणि कानांनी जे ऐकले तेवढेच सांगणार आहे. भाषेत काही उणे वाटले तर आपल्या घरची म्हणून सांभाळून घ्यावे.

हे वाद्य आमच्या मुलाचे. कॉलेजात असताना त्याने हौसेने घेतले. पुढे नोकरीनिमित्त तो पुण्याला गेला आणि वाद्य खोलीत खुंटीला राहिले. मी मंडळाच्या भजनात टाळ धरते, सूर थोडाफार कळतो. पण बाहेर जाऊन काही शिकणे मला शक्य नव्हते. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांना एकट्या ठेवता येत नाही. दुपारी त्यांचा डोळा लागला म्हणजे तेवढा तासभर माझा. त्या तासाला घरी येणारे गुरुजी कोठून आणायचे? मुलगाच म्हणाला, "आई, फोनवर सगळे धडे आहेत, तू लावून तर बघ." असा हा आरंभ झाला.

आता वाद्याची ओळख करून देते. याला बेस गिटार म्हणतात. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, याला बहुधा चार, आणि त्या पुष्कळ जाड. आवाज खर्जातला. पूर्वी तिकडे या कामासाठी माणसाहून उंच असे एक उभे वाद्य असे; ते वागवणे अवघड आणि त्याला पडदेही नसत. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लिओ फेंडर यांनी पडदे असलेले, खांद्याला अडकवून वाजवता येणारे विजेचे वाद्य बाजारात आणले. आज सर्वत्र दिसते ते रूप तेव्हापासूनचे. तारेची वाजती लांबी साधारण ३४ इंच असते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, इतका तिचा स्वर खालचा.

आपण मिरजेच्या बायका, त्यामुळे तारा, खुंट्या आणि पडदे आपल्याला परके नाहीत. सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना भोपळे वाळत घातलेले आपण लहानपणापासून पाहतो. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवून स्वर हवा तसा नेमका करता येतो. बेस गिटारचे पडदे मात्र दांडीत कायमचे ठोकलेले. एका पडद्यापासून पुढच्या पडद्यापर्यंत अर्ध्या स्वराचे अंतर, आणि बारा पडदे चढले की वरचा सा. पेटीच्या बारा पट्ट्या असतात, तसेच हे. तारा लावायची रीतही सोपी आहे. एका तारेला सा मानले तर तिच्या पुढची तार तिचा मध्यम. चारही तारा अशाच चढत जातात.

धडे इंग्रजीत होते. मला पाचवीपासून तीन वर्षे इंग्रजी होते, पण ते कधीच विसरले गेले. तरी एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीची अक्षरे सव्वीस असली तरी या विद्येला सातच लागतात, ए पासून जी पर्यंत. तेवढी सातवीच्या बाईला पुरेशी येतात! बाकी शब्द शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी सांगे. ते मी वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर मराठीत उतरून ठेवले.

ज्यांना शिकायचे असेल त्यांच्यासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. फोनच्या बारीक कर्ण्यातून खर्जाचे स्वर नीट येतच नाहीत. गुरुजींची बोटे हलताना दिसतात आणि स्वर हरवलेला असतो. म्हणून कानाला इयरफोन लावावेत. दुसरे असे की धडा निम्म्या गतीने चालवता येतो आणि पाहिजे तेथे थांबवता येतो. कुकरची शिट्टी झाली, थांबवा. सासूबाईंनी पाणी मागितले, थांबवा. गुरुजी रागावत नाहीत. आणि तिसरे असे की हे वाद्य विजेचे असले तरी यंत्राला न जोडता वाजवले तर अगदी हळू वाजते. शेजारणीची झोप मोडत नाही. आपल्याला थोडे मोठे ऐकायचे असेल तर दांडीचे टोक लाकडी कपाटाला टेकवावे. सारे कपाट बोलू लागते.

पहिला धडा सात स्वरांचा. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला मधले बोट ठेवायचे, हा सा. त्याच तारेवर पाचव्या पडद्याला करंगळी, हा रे. पुढच्या तारेवर दुसऱ्या पडद्याला तर्जनी, तिसऱ्याला मधले बोट, पाचव्याला करंगळी, म्हणजे ग, म, प. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पडद्यावर ध, नि आणि वरचा सा. चार बोटांना चार पडदे वाटून दिलेले असतात, कोणी दुसऱ्याच्या घरात जायचे नाही. पेटीवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्यांचा सगळा हिशेब बदलतो. इथे बोटांची तीच ठेवण उचलून दोन पडदे वर न्यायची, झाली नवी पट्टी. ही सोय मला फार आवडली. पहिले काही आठवडे बोटांची टोके हुळहुळत, पोळी लाटताना जाणवे. नंतर घट्टे पडले आणि त्रास गेला.

पुढच्या धड्यात गुरुजींनी सात निराळ्या स्वरमाला सांगायला सुरुवात केली. त्यांना ते मोड म्हणतात. नावे प्राचीन ग्रीस आणि त्याच्या आसपासच्या लोकांवरून आलेली: आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन. ही नावे पाठ करता करता माझी पुरेवाट झाली. अर्थ काहीच लागेना. एके दिवशी आपल्या पेटीवाल्या काकू सासूबाईंना भेटायला आल्या होत्या. मी डोरियन वाजवत होते. त्यांनी क्षणभर कान दिला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर काफी!" मी धडा पुढे चालवला. फ्रिजियन लागले तशी त्या म्हणाल्या, "आणि ही भैरवी."

मग आम्ही दोघींनी मंडळाच्या पेटीवर सगळे ताडून पाहिले. तुम्हीही पाहा. काळ्या पट्टीला हात लावायचा नाही, फक्त पांढऱ्या वाजवायच्या. पांढरी एक सा धरून निघालात तर बिलावल. पांढरी दोनला सा मानलात तर काफी. तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. पट्ट्या त्याच, एकही बदललेली नाही, तरी दर वेळी रंग निराळा. पांढरी सातपासून निघालात तर शुद्ध पंचमच मिळत नाही, त्याच्या जागी तीव्र मध्यम उभा राहतो. म्हणून त्या सातव्याला आपल्याकडे थाट नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी दहा थाट मांडले. त्यांतले सहा असे मिळाले. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार या रीतीने निघत नाहीत. सा बदलून नवी स्वरमाला काढण्याला आपल्या जुन्या शास्त्रात मूर्च्छना म्हणत, हे काकूंनीच मला सांगितले. आणि बजावलेही, की थाट मिळाला म्हणजे राग मिळाला असे समजू नकोस. रागाला चाल असते, वादी-संवादी असतात, आणि त्याचे बारीक स्वर ठोकलेल्या पडद्यांवर पुरते सापडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगते. पांढरी दोनपासून नुसते निघाले म्हणून लगेच काफी ऐकू येत नाही. कानात आधीचा सा घर करून बसलेला असतो. खाली पांढरी दोन धरून ठेवावी लागते, तंबोऱ्यासारखी. मग कान नव्या सा वर बसतो आणि रंग पालटतो. म्हणजे वरचे सात स्वर काय बोलतात, हे खालचा एक स्वर ठरवतो. साधा प्रयोग करा. पांढरी एक, तीन आणि पाच एकदम दाबा आणि खालच्या सप्तकात पांढरी एक धरा. मन प्रसन्न होते. आता वरची तिन्ही बोटे तशीच ठेवून खाली फक्त पांढरी सहा धरा. तेच स्वर एकदम उदास होतात. बेस गिटारचे काम हेच आहे. गाणे संपल्यावर त्याची आठवण कोणाला राहत नाही, पण गाण्याला जमीन ते देते.

हे मी सांगितले तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या बायकांसारखेच की! खाली राहून घर सांभाळायचे." मला ते पटले नाही. खालचा स्वर आपण होऊन निवडायचा असतो, आणि केव्हा बदलायचा तेही वाजवणारीने ठरवायचे असते. तेवढी मोकळीक असेल तर मग ती उपमा खुशाल द्यावी.

फोनच्या शिक्षणाचे गुण सांगितले, तसे उणेही सांगायला हवे. तेथे प्रवेशाचा अर्ज नसतो, शिक्षण किती असे कोणी विचारत नाही, वय विचारत नाही. माझ्यासारखीला हे फार मोठे आहे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा लांब, म्हणून माझे शिक्षण थांबले. त्यानंतर इतक्या वर्षांनी कोणी मला काही नवीन शिकवले ते या धड्यांनीच. पण ते गुरुजी मला ऐकत नाहीत. माझी तार चढली की उतरली, मनगट वाकले की सरळ आहे, त्यांना काय ठाऊक? ते माझ्यासाठी काकूंच्या कानांनी केले. काकू नसत्या तर ती सात ग्रीक नावे वहीत नुसती पडून राहिली असती.

सासूबाईंचे सांगून मग आटोपते. त्यांना हल्ली कमी ऐकू येते. भजन लावले तर "नुसते ओठ हलतात गं," म्हणतात. वृद्धपणी उंच, बारीक स्वर आधी जातात आणि खर्जाचे त्या मानाने टिकतात, असे कानाच्या डॉक्टरांनी आम्हांला समजावले होते. एके दुपारी कपाटाऐवजी मी दांडीचे टोक त्यांच्या लाकडी खाटेला टेकवले आणि खालचा सा लांबवर धरला. त्यांनी डोळे उघडले. हात खाटेच्या कडेवर ठेवला आणि म्हणाल्या, "जातं कोण दळतंय?" मी म्हटले, "आई, मीच आहे." त्या म्हणाल्या, "थांबू नकोस." आणि जात्याच्या त्या घरघरीवर त्यांनी माहेरची एक ओवी म्हटली. झटक्यानंतर त्यांचे शब्द अडखळत, पण ओवी सलग आली. मी ती पहिल्यांदाच ऐकली. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्यांना गाता येते हे घरात कोणालाच माहीत नव्हते. आता रोज दुपारी एक ओवी होते. मी ती त्याच वहीत उतरून घेते. वाण्याची यादी पुढून आणि ओव्या मागून, अशी आमची वही भरत चालली आहे.

"या वयात हे शिकून उपयोग काय?" असे मला पुष्कळांनी विचारले. त्यांना मी ही वही दाखवते. पण खरे सांगायचे तर ओव्या मिळाल्या नसत्या तरी मी शिकलेच असते. दिवसातला एक तास, ज्यात आपण कोणाची आई नाही, सून नाही, फक्त शिकणारी आहोत, तो तास कोणत्याही बाईला असावा.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर गुरुवारी दुपारी तीन ते चार मंडळाच्या खोलीत ज्यांना जे शिकायचे असेल ते घेऊन बसावे. पेटी असो, बासरी असो, फोन प्रत्येकीचा असेल. धडा फोनने द्यावा आणि ऐकायचे काम आपण एकमेकींचे करावे. काकूंनी यायचे कबूल केले आहे. आणि माझ्यासारखे घरी आजारी माणूस असल्यामुळे ज्यांना बाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी आपणच आळीपाळीने जावे. पहिल्या गुरुवारी आमच्याकडे या. सासूबाईंनी होकार दिला आहे. येताना कोणाला जुन्या ओव्या येत असतील तर आठवून याव्यात, खालचा सा मी धरीन.