तू हो पुढे



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू मॅरेथॉन पळतेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल. लोकांना प्रेरणा मिळेल." मी तेव्हाच स्पष्ट केलं, की मी अर्धी मॅरेथॉन पळते आणि त्यातलंही बरंच अंतर चालते. ते म्हणाले, "चालेल." तेव्हा प्रेरणेची जबाबदारी त्यांची.

आपले पी.टी.चे सर समोर बसले आहेत. सर, क्रीडामहोत्सवाच्या आधी तुम्ही शंभर मीटरची चाचणी घ्यायचात आणि शिट्टी वाजवून म्हणायचात, "पहिले तीन इकडे थांबा, बाकीचे वर्गात जा." दहा वर्षं मी 'बाकीचे' होते. पुढे मी कुठेतरी वाचलं, की 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19वे आले होते. सर, तुमच्या हिशेबाने तेही वर्गातच गेले असते!

थांबायला सांगितलेल्या त्या तिघींत एक मुलगी मात्र हमखास असायची. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घ्यायचं नाही अशी तिची ताकीद आहे. बाकी सगळं सांगायची परवानगी मी घेतली आहे.

पहिलीपासून आम्ही एका बाकावर. हिंदमाताला पाणी भरलं की शाळा लवकर सुटायची, तेव्हा चपला हातात घेऊन आम्ही दोघी लालबागपर्यंत चालत जायचो. दहावीनंतर एकाच कॉलेजात जायचं ठरलं होतं. फॉर्म भरायच्या रांगेत आम्ही एकत्र उभ्या होतो. खिडकी जवळ आली तशी ती म्हणाली, "तू हो पुढे, मी आलेच." ती आली नाही. मी फॉर्म भरला, घरी गेले. मग बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी. तिची चाळ माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर होती.

पुन्हा भेट झाली ती 2019 मध्ये, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी, रक्तातली साखर नुकतीच काठावर आलेली. ती लालबागमध्ये जेवणाचे डबे करते, पहाटे चारला उठते आणि रविवारी डबे बंद म्हणून पळते. म्हणाली, "ये शिवाजी पार्कला." कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरला जरा कमी आहे. पहिल्या दिवशी मला अर्धीसुद्धा जमली नाही.

हळू पळणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी सांगते. अर्धी मॅरेथॉन म्हणजे 21.1 किलोमीटर. जगातले उत्तम धावपटू ते तासाच्या आत कापतात. मला तीन तासांहून जास्त लागतात. म्हणजे अंतर तेवढंच, पण ऊन आमच्या वाट्याला दुप्पट-तिप्पट. मुंबईची थंडी आठ वाजता संपते, आणि आमची शर्यत तेव्हाही चालूच असते. दुसरं म्हणजे, चालण्यात कमीपणा नाही. जेफ गॅलोवे या अमेरिकन ऑलिंपिक धावपटूने एक पद्धत लोकप्रिय केली आहे: काही मिनिटं पळायचं, थोडं चालायचं, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून करायचं. दमल्यावर चालू लागलं की पाय पुन्हा पळायला तयार होत नाहीत. दमायच्या आधी चाललं की होतात. आमचं गणित तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाठोपाठ दोन शर्यतींत नाव घातलं. डिसेंबरमध्ये वसई-विरार, जानेवारीत मुंबई.

वसईला सुरुवातीचे चार किलोमीटर ती माझ्याबरोबर होती. तिचे पाय आखडते घेतलेले मला दिसत होते. मला वाटलं, आपण हिची शर्यत खराब करतोय. मी म्हटलं, "तू हो पुढे." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गेली. दोन तास चोवीस मिनिटांत तिने शर्यत संपवली. मी तीन तास एकवीस मिनिटांनी विरारला पोचले. वाटेत वसईकर घराबाहेर उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण माझ्यापर्यंत येईतो बरेच जण नाश्त्याला आत गेले होते. विसाव्या किलोमीटरपाशी समोरून कोणीतरी उलट चालत येताना दिसलं. तीच होती, गळ्यात पदक, हातात पाण्याची बाटली. शेवटचा किलोमीटर ती पुन्हा माझ्याबरोबर आली.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. बोरिवली गेल्यावर ती म्हणाली, "कॉलेजच्या रांगेत मी तुला पुढे हो म्हटलं होतं. आठवतं?" मी मान हलवली. "खिडकीपर्यंत जाऊन तू एकदा तरी मागे बघशील असं वाटलं होतं. माझ्याकडे फीचे पैसे नव्हते. मी गेटपाशी अर्धा तास उभी होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. दादर येईपर्यंत मला काही बोलता आलं नाही. मी फॉर्म भरून दुसऱ्या गेटने बाहेर पडले होते, कारण तिकडून बस पकडायला सोपं जायचं.

मुंबईची शर्यत 19 जानेवारीला होती. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "आज 18 जानेवारी. बाबांचा संप आजच्या तारखेला सुरू झाला." 1982 चा गिरणी संप, अडीच लाख कामगारांचा. तिचे बाबा साचाखात्यात होते. गिरणीत ते परत गेलेच नाहीत; आपण शाळेत असताना ते एका इमारतीत वॉचमन होते. दहा वर्षं एका बाकावर बसून मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

पहाटे माहीमहून सुटलो. अंधारात सी लिंक ओलांडला. या वेळी 'पुढे हो' कोणी कोणाला म्हणायचं नाही एवढंच ठरलं होतं. घड्याळ तिच्या हातात. तीन मिनिटं झाली की ती "चाल" म्हणायची, एक मिनिट झालं की "पळ." पेडर रोडचा चढ आला तेव्हा माझे पाय संपले होते. तिथे ती बाबांबद्दल बोलत राहिली, मी ऐकत राहिले, आणि चढ मागे पडला. चौपाटीनंतर मरीन ड्राइव्हवर ऊन चढलं. सीएसएमटीजवळ पोचलो तेव्हा तीन तास नऊ मिनिटं झाली होती. सर्टिफिकेटवर तिची वेळ माझ्यापेक्षा दोन सेकंदांनी कमी आहे. हे तिने मुद्दाम केलं, असा माझा संशय आहे.

तिची त्या दिवसाची चांगली वेळ माझ्यामुळे गेली, हे मला माहीत आहे. ती म्हणते, गेली तर गेली. मी माफी मागितली, तेव्हा म्हणाली, "आता रविवारी वेळेवर येत जा, म्हणजे झालं."

आपल्या वर्गाच्या पटावर अठ्ठावन्न नावं होती. आज मी मोजलं, चौतीस जण आलो आहोत. जे आले नाहीत त्यांतल्या काहींना पत्रिका पोचली नाही, काहींना यावंसं वाटलं नसेल. त्यांच्यापैकी कोणीतरी कधीतरी तुम्हाला म्हटलं असेल, "तू हो पुढे, मी आलेच." आठवून बघा, आणि फोन करा. कदाचित ते गेटपाशी उभे होते.

येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही शिवाजी पार्कला आहोत. ज्यांना वेगात पळायचं आहे त्यांनी तिच्याबरोबर पळावं. बाकीच्यांनी माझ्याबरोबर यावं. सर, तुम्हीही या. फक्त शिट्टी घरी ठेवा.