गुप्तधन, यंत्र आणि बीदरची माती

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत गुप्तधनाची गोष्ट कानावर आली नाही असा श्रोता विरळाच. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद यांपैकी कोणत्याही तालुक्यात नांगराच्या फाळाला लागलेल्या हंड्याची एक तरी हकिकत सांगितली जाते, आणि अलीकडे तिच्यात मांत्रिकाच्या जोडीला मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, येऊन बसले आहे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळवली की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही क्षीण प्रवाह उमटतो आणि यंत्र वाजते, एवढेच त्याचे तत्त्व आहे. ते धातू ओळखते, त्याचे वय ओळखत नाही. म्हणून होन या सोन्याच्या जुन्या नाण्याला वाजते तसेच ते बैलाच्या पत्रीलाही वाजते, आणि एकटेदुकटे नाणे वीतभराहून फार खोल असेल तर बहुधा मुकाट राहते. त्यातच बीदरचे पठार जांभ्याचे, म्हणजे लोह भरपूर असलेल्या तांबड्या दगडाचे आहे, आणि कलबुर्गीकडच्या काळ्या कातळापासून बनलेल्या रेगूर मातीतही चुंबकीय लोहकण असतात, त्यामुळे स्वस्तातले यंत्र नुसत्या मातीलाच वाजत राहते.

यंत्राविषयी इतके पुरे. खरा विषय नाण्याचा आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले तेव्हा राजधानी कलबुर्गीला होती व तिला अहसनाबाद म्हणत. पुढे अहमदशाह वली याच्या कारकिर्दीत ती बीदरला आली आणि बीदर मुहम्मदाबाद झाले. बहमनींच्या चांदीच्या टंक्यावर, म्हणजे साधारण एका तोळ्याच्या आतबाहेर वजनाच्या रुपेरी नाण्यावर, मध्यभागी सुलतानाचे नाव व पदव्या आणि कडेने टांकसाळीचे नाव व हिजरी साल असते, त्यामुळे राजधानी कोठून कोठे गेली हे नाणेही सांगते. परंतु नाण्यावर लिहिलेले असते त्याहून अधिक ते कोठे पडले होते यावरून कळते. विजयनगर आणि दख्खनचे सुलतान परस्परांशी लढत असतानाही विजयनगरचे सोन्याचे होन सुलतानांच्या मुलखात बिनदिक्कत चालत होते, ही गोष्ट अभ्यासकांना उमगली ती गुप्तधन म्हणून सरकारजमा झालेल्या नाणेसंचयांच्या नोंदींवरून. त्या नोंदींत गाव लिहिलेले होते. गाव लिहिलेले नसते तर तेच होन मुशीत वितळवलेल्या सोन्याइतके मुके ठरले असते. म्हणजे नाणे कोठे सापडले, किती खोल सापडले आणि कशाच्या सोबत सापडले, या तीन गोष्टी नाण्याइतक्याच मोलाच्या आहेत. पुन्हा सांगायचे तर कोठे, किती खोल आणि कशासोबत.

जागा न विस्कटल्याने काय साधते याचे उदाहरण घ्या. इंग्लंडमधील हॉक्सन या गावी १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधताना रोमन काळातील सोन्या-चांदीची सुमारे पंधरा हजार नाणी व दागिने लागले. शोधणाऱ्याने सगळे उकरून न काढता काम थांबवून कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना कुजून गेलेल्या लाकडी पेटीत ऐवज कसा रचला होता हेही पाहता आले. हातोडाही सापडला आणि तोही संग्रहालयात गेला.

आपल्याकडे मात्र नाणे हाती येताच ते चिंच आणि राखेने लख्ख घासण्याची घाई होते, आणि ही खोड सुशिक्षित घरांतही आहे. तांब्यावरचा हिरवट थर हा नुसता मळ नव्हे, त्याखाली झिजत आलेली अक्षरे असतात व आंबटाने ती थरासकट जातात. कडेचे साल तर सर्वांत आधी जाते. जुन्या पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांच्या, माळेचे तेच: ती मोडून नवा दागिना घडवताना तिचा किमान फोटो काढून, ती कोणाकडून आली हे लिहून ठेवावे, एवढीही तसदी घेतली जात नाही.

कायद्याविषयी वेळेअभावी थोडक्यात. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा जमिनीत दडलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. याच विषयावरचा कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९६२ चा आहे. सन्नतीसारख्या संरक्षित स्थळी किंवा बीदरच्या किल्ल्यात परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे, यंत्र हातात असो वा कुदळ. शंभर वर्षांहून जुने नाणे किंवा दागिना देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला मनाई आहे.

तेव्हा नांगरताना किंवा पाया खणताना काही लागले, तर श्रोत्यांनी खणणे तेथेच थांबवावे, जागेचा फोटो काढावा, वस्तू न घासता तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे, आणि कळवल्याची पोच घ्यायला विसरू नये.