परवाना दुकानाचा, की हाताचा?

(गांधीबाग, नागपूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गांधीबागेतील कापड बाजाराचे वर्णन नागपूरकरांपुढे करण्याचे प्रयोजन नाही. ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्या, हातगाड्या आणि गठ्ठे यांच्या गर्दीत एखाद्या जिन्याखाली केशकर्तनालय असते आणि वरच्या मजल्यावर, पडद्याआड, महिलांचे ब्युटी पार्लर. खाली तीस वर्षे वस्तरा चालविलेला कारागीर. त्याच्या भिंतीवर आरसा, दिनदर्शिका आणि संत सेना महाराजांची तसबीर. वर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र बहुधा आढळते. दोन्ही ठिकाणी केस कापले जातात, दोन्ही ठिकाणी ग्राहकाच्या त्वचेला हात लागतो. या दोन व्यवसायांच्या परवान्यांत अंतर कोणते, असा प्रश्न शिक्षक आणि पंचायत सदस्य अनेकदा विचारतात.

याचे उत्तर प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. आपल्या राज्यात केस कापण्यासाठी अथवा सौंदर्योपचार करण्यासाठी कारागिरास व्यक्तिशः कोणताही परवाना घ्यावा लागत नाही. जो कागद लागतो तो आस्थापनेचा. पूर्वी १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली आणि आता त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या अधिनियमाखाली दुकानाची नोंदणी होते. थोडे कामगार असलेल्या दुकानास केवळ सूचना द्यावी लागते. महानगरपालिकेचा परवाना जेथे लागू आहे तेथे तोही जागेचा आणि धंद्याचाच. वस्तरा कोणाच्या हाती आहे, हे यांपैकी एकही कागद विचारत नाही. बाजारातील केशरंगाच्या बाटलीस मात्र १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाचे नियंत्रण आहे. बाटली भरणाऱ्यास परवाना हवा. ती ग्राहकाच्या डोक्यावर रिकामी करणाऱ्यास नको!

अमेरिकेत याच्या उलट व्यवस्था आहे. तेथे परवाना हाताचा असतो. १८९७ मध्ये मिनेसोटा राज्याने नाभिकांसाठी परवान्याचा कायदा सर्वप्रथम केला. पुढे स्त्रियांच्या केशभूषेचा व्यवसाय वाढला, तसा 'कॉस्मेटॉलॉजी'चा निराळा परवाना निघाला. कॅलिफोर्नियात १९९२ पासून दोन्ही व्यवसायांचे मंडळ एकच आहे, परंतु परवाने दोन राहिले. नाभिकास पूर्वी १५०० तास आणि सौंदर्यतज्ज्ञास १६०० तास शिक्षण घ्यावे लागे. २०२२ पासून दोघांनाही १००० तास पुरतात. केस कापणे, धुणे, रंगविणे हे दोघांसही मोकळे. मात्र वस्तऱ्याने दाढी करण्याचा अधिकार नाभिकाचा आणि नखे व त्वचेचे विविध उपचार हे सौंदर्यतज्ज्ञाचे क्षेत्र.

ही विभागणी विचार करण्याजोगी आहे, कारण तिचा आधार धोक्याचा आहे. वस्तऱ्याचा धोका रक्ताचा. कावीळ 'ब'चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो आणि तुरटी फिरविल्याने तो मरत नाही. दर ग्राहकास नवे पाते, हाच त्यावर उपाय. पार्लरमधील धोका रसायनाचा. केशरंगातील काही द्रव्यांची अनेकांना तीव्र ॲलर्जी असते. यास्तव रंग लावण्यापूर्वी कानामागे अथवा कोपरात थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी, असे सांगितले जाते. आपल्याकडे ही दोन्ही पथ्ये कारागिराच्या सद्बुद्धीवर सोडलेली आहेत. बहुतेक कारागीर ती पाळतातही. पण ती शिकविण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नाही.

परवाना नसला तरी प्रमाणपत्र आहे, आणि खरी तफावत तेथे पडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'बेसिक कॉस्मेटॉलॉजी' या नावाने एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला; पूर्वी त्याला 'हेअर अँड स्किन केअर' म्हणत. तो पूर्ण करणाऱ्या मुलीच्या हाती राष्ट्रीय प्रमाणपत्र पडते. बापाच्या पायाशी बसून वस्तरा शिकलेल्या मुलाच्या हाती काहीच पडत नाही. बलुतेदारीत त्याचे स्थान गावाला ठाऊक असे. शहरात बँकेच्या खिडकीपाशी ते स्थान कागदावर मागतात.

कागद द्यावयाचा तर तो कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न मुंबईत एकदा कसोटीस लागला. चित्रपट व्यवसायातील रंगभूषाकार आणि केशरचनाकार यांच्या संघटनेच्या नियमांनुसार रंगभूषाकाराचे ओळखपत्र पुरुषासच मिळे. स्त्रीस केवळ केशरचनाकाराचे. ओळखपत्राशिवाय काम नाही, म्हणजे नावाने सदस्यत्व असले तरी परिणामाने तो परवानाच होता. 'चारू खुराणा विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद, तसेच महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट, घटनाबाह्य ठरविली. दोन कलांची सीमा अशा रीतीने लिंगभेदाची भिंत होऊ शकते, हे परवान्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानी ठेवलेले बरे.

याउलट उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हासूरसासगिरीचे. १९८० च्या दशकात तेथील शांताबाई यादव यांनी पतीच्या निधनानंतर चार मुलींच्या पोषणासाठी वस्तरा हाती घेतला. स्त्रीने पुरुषांची दाढी करावी, ही गोष्ट गावास रुचण्यास वेळ लागला. पण गिऱ्हाईक येऊ लागले, मुली वाढल्या. त्यांना अडविणारे ओळखपत्र तेथे नव्हते, तसा आधार देणारा कागदही नव्हता.

आता असा कागद मिळण्याची एक वाट आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिकाचा समावेश आहे. प्रमाणपत्र व ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीस मिळतो आणि शासकीय सेवकाच्या कुटुंबास मिळत नाही. ब्युटी पार्लर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्या यादीत नाही. पार्लर चालविणाऱ्या भगिनीने प्रशिक्षण संस्थेचा अथवा अन्य कर्जयोजनांचा मार्ग धरावा. एकाच घरात पती खाली केशकर्तनालय आणि पत्नी वर पार्लर चालवीत असेल, तर दोघांस दोन निरनिराळ्या कार्यालयांत जावे लागेल, हे त्यांना आधीच सांगितलेले बरे.

या योजनेचा परवान्याशी संबंध नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. विश्वकर्मा ओळखपत्र म्हणजे धंदा करण्याची परवानगी नव्हे आणि ते नसल्याने कोणाचे दुकान बंद करता येत नाही. ती कारागिराच्या हाताची शासनाने घेतलेली नोंद आहे. नाव सामायिक सुविधा केंद्रात आधारच्या साहाय्याने नोंदविले जाते; नंतर पडताळणीचे तीन टप्पे. गांधीबागेतील कारागिराच्या बाबतीत पहिला टप्पा नागरी स्थानिक संस्थेकडे, खेड्यातील कारागिराच्या बाबतीत ग्रामपंचायतीकडे. हा मनुष्य खरोखर हाच व्यवसाय करतो काय, एवढेच तेथे पाहावयाचे असते, आणि ज्याच्या खुर्चीत सरपंच स्वतः दर पंधरा दिवसांनी बसतात त्याच्याविषयी हे ठरविण्यास चौकशी समितीची गरज नाही. मात्र तेथे अर्ज पडून राहिला, तर जिल्हा समितीपर्यंत तो पोचतच नाही.