ओळख आणि परवानगी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते सर ग्रंथालयाचे पुस्तक देताना नाव विचारीत आणि चेहराही पाहात. संगणकांच्या जाळ्यावर काम करताना यातली दुसरी गोष्ट मी विसरलो.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस पद्धत विकसित केली. एका संगणकावरील फायली अनेकांना वापरता येऊ लागल्या. कोणी वाचावे, कोणी लिहावे, याचे नियम होते. परंतु मागणारा कोण, हे त्याचा संगणक जो क्रमांक सांगे त्यावरून ठरे. नव्या यंत्रावर एका नवख्याला मी अनवधानाने एका सहकाऱ्याचाच क्रमांक दिला. मुख्य संगणकाने त्यालाच मालक मानले. जुन्या समजून त्याने पुसलेल्या फायली त्या सहकाऱ्याचे महिन्याभराचे काम होते. मी त्या मुलाला बोल लावला; चूक माझी होती.

एमआयटीमध्ये जन्मलेल्या कर्बेरॉस पद्धतीत एक विश्वासू संगणक परवलीच्या शब्दावरून ओळख पटवून ठरावीक मुदतीचे तिकीट देतो. ते दाखवल्याशिवाय फाईल मिळत नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने तिचा अंगीकार केला.

परवानगी देण्याआधी माणूस ओळखावा, हा सरांचा धडा मी उशिरा शिकलो. त्यांच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.