यादी हवी, वाचणारा हवा

माननीय अध्यक्ष, अभ्यासक मित्रहो आणि रजा टाकून आलेल्या अभिलेखपालांनो,

पुण्यात आपले मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने जेवणाखाणाची चोख व्यवस्था ठेवावी आणि थोडक्यात बोलावे, असा रिवाज आहे. पहिले काम झाले आहे. दुसऱ्याचा प्रयत्न करतो.

जुने अभिलेख लोकांसाठी खुले करण्याच्या या विषयाला पुण्याइतके योग्य गाव नाही आणि पुण्याइतके अवघडही नाही. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामे खरी की खोटी, हे ठरवायला इनाम कमिशनने ते मनसोक्त चाळले. इतिहासकारांसाठी मात्र दार जवळपास बंदच. 1898 मध्ये इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तो खासगी घरांतल्या कागदांच्या जोरावर. पुढे 1930 ते 1934 या काळात इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून 45 खंड काढले. केवढे काम! पण तेही निवडकच. रुमालांत बांधून ठेवलेल्या उरलेल्या कागदांत काय आहे, हे विचारायला आजही जाणकार कारकुनालाच गाठावे लागते.

कायद्याची तक्रार मी करणार नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा, माहितीचा अधिकारही त्याच वर्षाचा. काही अपवाद सोडले तर वीस वर्षांपूर्वीची माहिती नाकारता येत नाही. अडते ते दुसरीकडे.

2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीतून जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा इतिहासाशी काडीचा संबंध नसलेली माणसे पणजोबांच्या नावासाठी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमपाशी उभी राहिली. कागद होते, हक्क होता. पण ते कागद ज्या मोडी लिपीत, ती वाचणारे मूठभर. जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांची शोधाशोध झाली. इतकी वर्षे आपण मोडीचे वर्ग हौशी लोकांवर सोपवले, त्याची ही किंमत.

स्कॅनिंगचा आकडा सांगताना आपली छाती फुगते. पण अनुक्रमणिका नसलेली लाखभर छायाचित्रे म्हणजे पुन्हा रुमालच, फक्त धूळ नसलेला.

म्हणून अध्यक्षांना एक विनंती. ‘अभिलेखांचे जतन व्हावे’ असला गुळमुळीत ठराव आपण करू नये. कोणत्या कचेरीने कोणत्या दप्तराची यादी कोणत्या तारखेपर्यंत लोकांसमोर ठेवायची आणि मोडी वाचकाची किती पदे कायमची भरायची, ते नावानिशी लिहावे. खात्याचे अधिकारी पहिल्याच रांगेत बसले आहेत.