पायरी आणि पंगत

पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी पाच मिनिटं बाजूला उभं राहा आणि फक्त पाय बघा. रांगेत ढकलाढकली करणारा माणूसही पहिल्या पायरीशी थबकतो, वाकतो, बोटं टेकवून कपाळाला लावतो आणि ती पायरी ओलांडून पुढे जातो. ही नामदेव पायरी. संतांची, भक्तांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून संत नामदेवांनी इथे समाधी घेतली, अशी परंपरा सांगते. गंमत पाहा, ज्यांना पाय हवे होते त्यांच्यावर कुणी पाय देत नाही! लहान मुलांना हे कुणी शिकवत नाही. पुढच्या आजीनं केलं, की मागचं नातवंड तसंच करतं. भक्तीतल्या बऱ्याच सवयी अशा, पुढच्याच्या पाठीकडे बघून उतरतात.

वारकरी तर भेटताच एकमेकांच्या पाया पडतात. वयानं, जातीनं मोठा कोण, हा हिशेब तेवढ्यापुरता मिटतो.

तेवढ्यापुरताच, असं मी जपून म्हणतो, कारण जेवणाच्या पंगतीत तो हिशेब परत आलेला इरावती कर्वे यांनी पाहिला. कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या. त्या स्वतः वारीत चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिंडीत वाटेवर अभंग सगळे एकत्र म्हणत, पण ब्राह्मण आणि मराठा मंडळींची जेवणं मात्र वेगळी होत. हे त्यांना टोचलं. भक्ती खोटी, असा शिक्का त्यांनी मारला नाही. त्या चालत राहिल्या, बघत राहिल्या, दोन्हीकडच्या बायकांशी बोलत राहिल्या.