लक्ष्यवेधी औषधे आणि रुग्णाची त्वचा



कर्करोगावरील औषध म्हटले की पूर्वी केस गळणे आणि उलट्या हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहत असे. २००१ साली इमॅटिनिब व २००३ साली जेफिटिनिब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या चित्रात पालट झाला. कर्कपेशींच्या वाढीस कारण ठरणाऱ्या नेमक्या प्रथिनावर आघात करणारी ही औषधे ‘लक्ष्यवेधी’ म्हणून ओळखली जातात. यांतील अनेक गोळ्या रुग्ण घरीच घेतो. साहजिकच त्यांच्या दुष्परिणामांशी पहिली गाठ घरच्या माणसांचीच पडते.

फुप्फुसाच्या काही कर्करोगांत जेफिटिनिब, एर्लोटिनिब ही औषधे ईजीएफआर नावाच्या प्रथिनास रोखतात. निरोगी त्वचेच्या वाढीसही हेच प्रथिन आवश्यक असते. म्हणून बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच चेहरा, छाती व पाठ यांवर पुरळ उठते. ते मुरुमांसारखे दिसते, परंतु मुरुम नव्हे. मुरुमांच्या मलमांनी त्वचा अधिकच कोरडी पडून आग होते. पुढे नखांच्या कडाही सुजतात. सोराफेनिबसारख्या औषधाने तळहात-तळपायांवर, जेथे दाब पडतो तेथे, वेदनादायक घट्टे येतात.

येथे दोन चुका घडतात. हे पुरळ संसर्गजन्य समजून रुग्णाचे ताट-वाटी वेगळे केले जाते, त्यास समारंभांपासून दूर ठेवले जाते. वस्तुतः ते स्पर्शाने मुळीच पसरत नाही. दुसरी चूक अधिक घातक आहे. त्रासाला कंटाळून रुग्ण परस्पर गोळी बंद करतो आणि आटोक्यात येत असलेल्या रोगास मोकळी वाट मिळते. औषध थांबविणे वा मात्रा कमी करणे हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा होय.

वेळीच काळजी घेतल्यास हा त्रास कमी होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्याच्या कर्करोगावर पॅनिट्युमुमॅब घेणारे ९५ रुग्ण होते. आरंभापासून त्वचा मऊ ठेवणारे मलम, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड मलम व डॉक्सिसायक्लिन दिलेल्यांपैकी २९ टक्क्यांना मध्यम वा तीव्र त्रास झाला. त्रास झाल्यावर उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते. अर्थात ही औषधेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

घरी कोमट पाणी, सौम्य साबण आणि सैल, मऊ सुती वस्त्रे वापरावीत. दुपारचे ऊन टाळावे. तळपाय दुखत असल्यास अनवाणी चालण्याचा आग्रह धरू नये. ताप, पू, फोड किंवा डोळ्यांची लाली दिसताच त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा.

औषध रोगाशी झुंजते. रुग्णाने ते अखंड घ्यावे यासाठी लागणारे बळ मात्र आप्तस्वकीयांनीच द्यावयाचे असते. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी नजर वळवू नये, एवढीच नम्र विनंती.